नॅशनल पार्कवाले अमेरिकन क्वार्टर: संच अर्धवट का राहतो आणि पूर्ण कसा करायचा

"संच झालाच आहे जवळजवळ, आठ-दहाच राहिलेत" असं सांगणाऱ्याचा अल्बम उघडून बघितला की बहुतेक वेळा तीच गडबड दिसते. दोन वेगळ्या मालिकांची नाणी एकत्र, फिलाडेल्फिया आणि डेन्व्हर या दोन टांकसाळींच्या नाण्यांची सरमिसळ, तीन-चार नाणी घासून चकचकीत केलेली आणि एका कोपऱ्यात प्लास्टिकच्या पाकिटात हिरवट पडलेलं एखादं. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांच्या घरात मुलं हा छंद हमखास धरतात, कारण लॉन्ड्रीच्या मशीनसाठी ठेवलेल्या बरणीत क्वार्टर, म्हणजे २५ सेंटची नाणी, असतातच आणि त्यावर कुठे बकरी, कुठे बेडूक, कुठे ज्वालामुखी. नाणी मिळणं अवघड नाहीये, क्रम चुकतो ही खरी अडचण आहे. लोक आधी गोळा करतात आणि मग विचार करतात की आपण नेमकं काय गोळा करतोय.

मालिकेचं नाव अमेरिका द ब्यूटिफुल क्वार्टर्स, २०१० ते २०२१, एकूण ५६ डिझाईन्स. ५० राज्यं, वॉशिंग्टन डीसी आणि ५ टेरिटरीज (राज्य नसलेले, अमेरिकेच्या ताब्यातले प्रदेश), प्रत्येकाची एक जागा, म्हणजे तिथलं एखादं नॅशनल पार्क किंवा तशीच जपलेली जागा. वर्षाला पाच, शेवटच्या वर्षी २०२१ ला फक्त एक, अलाबामातलं टस्कीगी एअरमेन. एवढं डोक्यात ठेवा आणि सुरू करा.

## टप्पा १: कुठला संच हवाय ते आधी ठरवा

हे अल्बम घ्यायच्या आधी करायचं, नंतर नाही. तीन पर्याय आहेत.

साधा संच म्हणजे ५६ नाणी, प्रत्येक जागेचं एक, टांकसाळ कुठलीही चालेल. लहान मुलांसाठी हाच घ्या, उगाच मोठा घेऊन उत्साह घालवू नका.

दुसरा ११२ चा. प्रत्येक डिझाईन फिलाडेल्फियाचं पी आणि डेन्व्हरचं डी, अशी जोडी.

तिसरा १२२ चा, म्हणजे ११२ अधिक वेस्ट पॉईंट टांकसाळीची डब्ल्यू मार्कची (म्हणजे डब्ल्यू अक्षर कोरलेली) १० नाणी. ही फक्त २०१९ आणि २०२० च्या पाच-पाच डिझाईन्सची आहेत, प्रत्येकी २० लाख काढली आणि थेट चलनात सोडली. सुट्ट्या पैशात सापडू शकतात, पण वाट बघावी लागते.

याच्या पलीकडे सॅन फ्रान्सिस्कोची एस मार्कची नाणी, चांदीची प्रूफ नाणी (कलेक्टरांसाठी खास चकाकी देऊन पाडलेली) आणि पाच औंस चांदीची तीन इंची मोठी नाणी आहेत. हा सगळा विकत घ्यायचा मामला आहे, बरणीतून जमवायचा नाही, सुरुवातीला त्याच्या नादी लागू नका.

थांबा: ५६ खाचांचा फोल्डर घेऊन नंतर ११२ वर जायचं ठरवलं तर सगळी नाणी काढून परत बसवावी लागतात आणि प्रत्येक काढघालीत ओरखडे पडतात. आकडा ठरवल्याशिवाय फोल्डर घेऊ नका.

## टप्पा २: टेबल आणि यादी

एक जाडसर टॉवेल टेबलावर अंथरा म्हणजे नाणं हातातून सुटलं तरी कडेला मार बसत नाही. टेबल लॅम्प, दहापट मोठं दाखवणारं भिंग, तीन-चार वाट्या आणि छापलेली यादी. भिंग स्वस्त मिळतं पण पाहिजेच, मोबाईलच्या कॅमेऱ्यावर विसंबून पी आणि डी ओळखायला गेलात तर झिजलेल्या नाण्यावर फसाल.

यादीत जागेचं पूर्ण नाव, राज्य आणि वर्ष तिन्ही लिहा. हे मी मुद्दाम सांगतोय. "कंबरलँड" एवढंच लिहिलं की २०१६ चं केंटकीचं कंबरलँड गॅप आणि २०१८ चं जॉर्जियाचं कंबरलँड आयलंड यांत गोंधळ होणारच, एकावर डोंगराकडे बघणारा माणूस आहे आणि दुसऱ्यावर फांदीवरचा बगळा. तसंच "ग्रेट" ने सुरू होणारी तीन आहेत, ग्रेट बेसिन २०१३ चं आणि ग्रेट स्मोकी माउंटन्स आणि ग्रेट सँड ड्यून्स दोन्ही २०१४ ची. फोर्टही दोन, मॅकहेन्री २०१३ आणि मोल्ट्री २०१६. चुकीच्या ओळीवर टिक पडली की ते नाणं आपण शोधायचंच बंद करतो आणि वर्षभराने कळतं की खाच रिकामी आहे. (बॉम्बे हुक दिसलं तर दचकू नका, ते डेलावेअरमधलं पाणपक्ष्यांचं अभयारण्य आहे, मुंबईशी संबंध नाही.)

अजून एक, नाण्यांचा क्रम एबीसीडीप्रमाणे नाही आणि राज्यांच्या स्थापनेप्रमाणेही नाही. ती जागा केंद्र सरकारच्या संरक्षणाखाली कधी आली त्या क्रमाने नाणी निघाली, म्हणून पहिलं अर्कान्सासचं हॉट स्प्रिंग्ज आणि दुसरं यलोस्टोन. यादी वर्षाप्रमाणेच लावा, फोल्डरमधल्या खाचाही तशाच असतात.

## टप्पा ३: क्वार्टर आणायचे कुठून

आधी घरातले, मग गाडीतले, मग मित्रांच्या बरण्यांतले. हे संपले की बँक. जिथे खातं आहे त्या शाखेत जाऊन क्वार्टरचे रोल मागा, एका रोलमध्ये ४० नाणी म्हणजे १० डॉलर, अख्खा बॉक्स मागितला तर ५० रोल, ५०० डॉलर. सुरुवातीला चार-पाच रोल पुरेत.

शक्य असेल तर लोकांनी हाताने गुंडाळून बँकेत दिलेले रोल मागा. त्यात जुनी, वर्षानुवर्षं कुणाच्या तरी डब्यात पडून राहिलेली नाणी येतात. मशीनने पॅक केलेल्या कोऱ्या रोलमध्ये हल्ली २०२२ नंतरचीच नाणी भरपूर असतात, त्यात आपल्या कामाचं काही नाही. काउंटरवरच्या माणसाशी गोड बोला, काय करताय ते सांगा, बरेचदा ते स्वतःच रोल बाजूला काढून ठेवतात.

थांबा: विकत घ्यायला एवढ्यात जाऊ नका. ५६ चा तयार संच ऑनलाईन मिळतो हे खरं आहे, पण मग जमवायचं काय राहिलं? आणि जी नाणी बँकेत २५ सेंटला मिळतात त्याला दुप्पट-चौपट देण्यात अर्थ नाही.

## टप्पा ४: चाळणी, आधी मालिका वेगळ्या करा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, त्यामुळे घाई नको.

रोल फोडला की सगळी नाणी काटा वर करून पसरा, म्हणजे वॉशिंग्टनचा चेहरा खाली. छापा नंतर बघायचा. आता चार ढीग करा.

पहिला ढीग गरुडाचा. १९९८ पर्यंतचे साधे क्वार्टर, बाजूला.

दुसरा ढीग राज्यांच्या मालिकेचा, १९९९ ते २००८, आणि त्याला जोडून २००९ ची डीसी आणि टेरिटरीजची सहा. इथेच लोक फसतात, कारण त्यावरही राज्याचं नाव असतं आणि बरीचशी चित्रं निसर्गाचीच आहेत. ओळखायचं कसं, तर राज्यांच्या क्वार्टरवर सगळ्यात वर राज्याचं नाव असतं आणि वर्षं दोन असतात, एक ते राज्य संघात आलं ते आणि एक खाली नाणं पाडलं ते. पार्कच्या क्वार्टरवर वरच्या बाजूला जागेचं नाव असतं, राज्याचं नाव खालच्या कडेला आणि वर्ष एकच, अगदी तळाशी. उदाहरणार्थ कॅलिफोर्निया. राज्यांच्या मालिकेतलं २००५ चं नाणं आहे त्यावरही योसेमिटीचा हाफ डोम दिसतो, आणि पार्कच्या मालिकेतलं २०१० चं योसेमिटी आहे त्यावर एल कॅपिटन. अनेकांच्या अल्बममध्ये २०१० च्या खाचेत २००५ चं बसलेलं असतं. चित्रावर जाऊ नका, वरच्या कडेवर काय लिहिलंय ते वाचा.

तिसरा ढीग पार्कच्या मालिकेनंतरच्या नाण्यांचा. २०२१ मध्ये पार्कचं एकच नाणं निघालं आणि त्याच वर्षी वॉशिंग्टन होडीतून डेलावेअर नदी ओलांडतोय असं दुसरं नाणं निघालं, ते या मालिकेतलं नाही. २०२२ ते २०२५ ची महिलांची मालिकाही नाही, ती तर छाप्यावरूनच ओळखू येते कारण तिथे वॉशिंग्टन उजवीकडे बघतो, आपल्या मालिकेत डावीकडे.

उरला तो चौथा ढीग, आपला.

तपासा: चौथ्या ढिगातल्या प्रत्येक नाण्याच्या तळाशी २०१० ते २०२१ मधलंच वर्ष आहे ना? २००९ किंवा त्याआधीचं एक जरी सापडलं तर अख्खा ढीग पुन्हा बघा.

## टप्पा ५: मिंट मार्क

आता नाणं पलटा. वर्ष काट्यावर आणि मिंट मार्क, म्हणजे टांकसाळीचं अक्षर, छाप्यावर, म्हणजे एका नाण्याची ओळख दोन बाजूंवर वाटलेली आहे, आणि नुसती एक बाजू बघून टिक मारणं हे सरमिसळीचं मूळ कारण. छाप्यावर उजव्या बाजूला, वॉशिंग्टनच्या शेंडीसारख्या बांधलेल्या केसांच्या मागे, बारीक अक्षर असतं. दिवा तिरका धरा, नाणं थोडं फिरवा, भिंगातून बघा.

पी किंवा डी असेल तर यादीतल्या त्या रकान्यात टिक. इथे एक शिस्त पाळा, नाणं हातात असतानाच मोठ्याने म्हणा "अकेडिया, २०१२, डी" आणि दुसऱ्याने टिक मारायची. मुलांबरोबर करत असाल तर हे काम त्यांना द्या, ते आपल्यापेक्षा काटेकोर असतात.

डब्ल्यू दिसलं तर हात थांबवा. वर्ष बघा. २०१९ असेल तर मॅसॅच्युसेट्सचं लोवेल, नॉर्दर्न मरियाना बेटांचं अमेरिकन मेमोरियल पार्क, ग्वामचं वॉर इन द पॅसिफिक, टेक्सासचं सॅन अँटोनियो मिशन्स किंवा आयडाहोचं फ्रँक चर्च यांपैकीच एक असणार. २०२० असेल तर अमेरिकन सामोआ, वीअर फार्म, सॉल्ट रिव्हर बे, मार्श-बिलिंग्ज-रॉकफेलर किंवा टॉलग्रास प्रेअरी, आणि छाप्यावर व्ही ७५ अशी बारीक खूण असलीच पाहिजे, दुसरं महायुद्ध संपल्याच्या ७५ व्या वर्षानिमित्त ती टाकली होती. २०२० चं डब्ल्यू आहे पण व्ही ७५ नाही, किंवा २०१८ वर डब्ल्यू आहे, तर काहीतरी गडबड आहे, ते बाजूला ठेवा.

एस दिसलं तर कुणीतरी कलेक्टरचा सेट फोडून खर्च केलाय. २०१२ पासून एसची साधी नाणीही कलेक्टरांसाठी निघाली, त्याआधीच्या २०१० आणि २०११ मध्ये एस म्हणजे प्रूफच. अशा नाण्याची कड बघा. नेहमीच्या क्वार्टरच्या कडेला मधोमध तांब्याची लालसर रेघ दिसते, कारण आत शुद्ध तांबं आणि बाहेर तांबं-निकेलचा थर. रेघच नसेल आणि कड सगळी पांढरी असेल तर स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करा. साधा क्वार्टर ५.६७ ग्रॅम भरतो, चांदीचा ६.२५ किंवा थोडा जास्त.

थांबा: फोल्डरमध्ये नाणं बसवलं की काटा समोर राहतो आणि छापा पुठ्ठ्याच्या मागे जातो, म्हणजे मिंट मार्क दिसतच नाही. त्यामुळे पी-डीची खात्री बसवायच्या आधी, दोनदा.

## टप्पा ६: कुठलं नाणं ठेवायचं

पहिलं मिळालेलं लगेच कायमचं बसवू नका. एकेका डिझाईनची दोन-तीन जमू द्या, मग त्यातलं चांगलं निवडा. सपाट मोकळ्या भागावर ओरखडे कमी, उंच भागाची झीज कमी, कड शाबूत. लोवेलच्या नाण्यावर मागावर काम करणारी गिरणीतली मुलगी आहे, तिचा चेहरा आणि हात नीट दिसतायत का बघा, झीज तिथे आधी कळते. (ज्यांच्या घरात कुणी गिरणीत काम केलंय त्यांनी हे नाणं एकदा भिंगाखाली निवांत बघावं, अख्ख्या मालिकेत मला सगळ्यात जास्त आवडतं ते हेच.)

अपवाद २०१२ चा. त्या वर्षीची पोर्तो रिकोचं एल युंके, न्यू मेक्सिकोचं चाको कल्चर आणि मेनचं अकेडिया ही प्रत्येक टांकसाळीतून दोन ते अडीच कोटींच्या आसपासच पाडली गेली, आणि २०१५ चं नेब्रास्काचं होमस्टेड बघाल तर एकेका टांकसाळीतून २० कोटींहून जास्त. म्हणून होमस्टेडसाठी नखरे करा, पण चाको मळकं मिळालं तरी ठेवून घ्या, चांगलं मिळालं की बदला.

"एरर कॉईन" (टांकसाळीच्या चुकीने सदोष पडलेलं नाणं) म्हणून जे मिळतं त्यातलं बहुतेक एरर नसतं. कड आत वळून जाड झालेली आणि अक्षरं कडेला चिकटलेली असतील तर ते नाणं लॉन्ड्रीच्या ड्रायरमध्ये अडकून फिरत राहिलेलं आहे. काट्यावर गोल चरा असेल तर रोल गुंडाळणाऱ्या मशीनचा. रंगवलेलं किंवा सोन्याचा मुलामा दिलेलं असेल तर ते कुणा खाजगी विक्रेत्याने नंतर केलेलं, टांकसाळीने नाही, आणि त्याने किंमत वाढत नाही.

## टप्पा ७: धुवायचं नाही

हा टप्पा काहीच न करण्याचा आहे आणि आपल्या लोकांना तोच जड जातो. देवाची भांडी, तांब्याचा तांब्या चिंच-मीठ लावून किंवा पितांबरीने लख्ख करायची सवय हाताला असते, नाणं मळकं दिसलं की हात तिकडेच जातो. भांड्याचं ते बरोबरच आहे. पण नाण्यावर टांकसाळीच्या ठशाने उमटलेली बारीक झळाळी असते, दिवा फिरवला की ती चक्रासारखी फिरते, आणि आंबट किंवा खरखरीत काहीही लागलं की ती जाते ती कायमची. नंतर नाणं चकचकीत दिसेल, पण भिंगाखाली एकाच दिशेने गेलेले शेकडो बारीक ओरखडे दिसतात आणि जाणकार माणूस लांबूनच ओळखतो.

टूथपेस्ट नको, लिंबू नको, व्हिनेगर नको, बेकिंग सोडा नको, खोडरबर पण नको. पाहुणे येणार म्हणून तर अजिबात नको. चिकट घाण असेल तर ते नाणं खर्च करा आणि दुसरं शोधा, २५ सेंटचं तर आहे.

तपासा: मुलांना आणि घरात इतरांना हे सांगितलंय का? आजी प्रेमाने घासून ठेवते आणि मग कुणालाच काही बोलता येत नाही.

## टप्पा ८: ठेवायचं कसं

हात धुऊन, कोरडे करून, नाणं कडेला धरायचं. फोल्डरमध्ये बसवताना अंगठ्याने मधोमध दाबू नका, मऊ सुती कापड ठेवून कडेवर दाब द्या, नाहीतर तुमच्या अंगठ्याचा ठसा काही महिन्यांनी तपकिरी होऊन उमटतो.

मऊ, वास येणारी प्लास्टिकची पाकिटं टाळा. ती पीव्हीसीची असतात आणि काही वर्षांत नाण्यावर हिरवट चिकट थर धरतो. त्याऐवजी मायलरची (पारदर्शक, कडक प्लास्टिकच्या पापुद्र्याची) खिडकी असलेले पुठ्ठ्याचे चौकोन घ्या, क्वार्टरचा व्यास २४.२६ मिलिमीटर आहे, त्या मापाचे मागा. स्टेपल केल्यावर पिना पक्कडीने चपट्या करा, नाहीतर एका चौकोनाची पिन शेजारच्या नाण्यावर घासते. आणि नाणं काढायचं असेल तेव्हा पुठ्ठा कापा, पिन उपटून ओढू नका.

अल्बम उभा ठेवा, बेसमेंटमध्ये नको, स्वयंपाकघराजवळ नको. सिलिका जेलची पुडी टाका आणि ती वर्षातून एकदा बदला.

## टप्पा ९: उरलेली विकत घेणं

सहा-आठ महिने बँकेचे रोल बघून झाले आणि दहा-बारा खाचा रिकाम्या राहिल्या की आता विकत घ्यायला हरकत नाही. यादी सोबत घेऊन गावातल्या कॉईन शॉपमध्ये किंवा कॉईन शोला जा. तिथे नाणं हातात घेऊन बघता येतं, आणि साधी पी-डी नाणी खोक्यात ढिगाने असतात.

ऑनलाईन घेताना एकच गोष्ट ठामपणे करा, दोन्ही बाजूंचे फोटो मागा. विक्रेते काटा दाखवतात कारण चित्र तिथे आहे, पण पी-डी-डब्ल्यू छाप्यावर आहे. फक्त काट्याचा फोटो असलेल्या जाहिरातीवर डब्ल्यूचे पैसे देऊ नका. काचेसारख्या सीलबंद डबीतली ग्रेडिंग केलेली (दर्जा तपासून श्रेणी दिलेली) नाणी फोल्डरमध्ये बसत नाहीत, साध्या क्वार्टरसाठी त्याचे जादा पैसे मोजायची गरज नाही.

## टप्पा १०: नको असलेली परत करणं, आणि भारतात नेणं

उरलेले क्वार्टर पुन्हा चाळीस-चाळीस मोजून गुंडाळा आणि शक्यतो दुसऱ्या बँकेत भरा. त्याच शाखेत भरलेत तर पुढच्या वेळी तेच रोल तुमच्याच हातात यायचे. मोजणी चोख ठेवा, एकोणचाळीसचा रोल दिलात तर पुढच्या वेळी रोल बाजूला काढून ठेवणारं कुणी राहणार नाही. सुपरमार्केटमधल्या नाणी मोजणाऱ्या मशीनमध्ये टाकू नका, रोख पैसे घेतले की ती कमिशन कापतात.

पुण्या-नाशिकच्या भाच्याला संच द्यायचा असेल तर पाकिटात घालून पोस्टाने टाकू नका, नाणी पोस्टाने पाठवण्यावर देशोदेशी निर्बंध असतात. हातानेच न्या. ५६ नाण्यांचं वजन ३२० ग्रॅमच्या आत, ११२ चं साधारण ६३५ ग्रॅम, फोल्डरचं वेगळं. चेक-इन बॅगेत नको, हँडबॅगेत वरच ठेवा, कारण इतकं धातू एकत्र असलं की एक्सरेवर काळा ठोकळा दिसतो आणि बॅग उघडायला लावतात. तेव्हा अल्बम पटकन काढून दाखवता आला पाहिजे. कोकणात किंवा मुंबईत राहणार असेल तर पावसाळ्याआधी नव्या सिलिका जेलच्या पुड्या आणि झिपची जाड पिशवी सोबतच द्या.